अंबूबाईच्या बाजल्यावरचं ऊन

१

ऊन खिडकीतून आत आल्याशिवाय हंबीररावांचा दिवस उजाडत नसे. तसे ते कोंबड्याला उठायचे. म्हशीची धार काढायची, चूल पेटवायची, चहाला आधण ठेवायचं. पण ते सगळं हातच करायचे, मन कुठंतरी निजलेलंच असायचं. मग खिडकीसमोरच्या भिंतीवर, आढ्याच्या जरा खाली, तांबूस उन्हाचा पट्टा उमटायचा आणि त्यात गजांच्या रेघा. पट्टा भिंतीवरून उतरत उतरत भिंतीलगतच्या बाजल्यावर यायचा. अंबूबाईच्या पायांवर, मग पोटावर, मग छातीवर.

अंबूबाईच्या अंगावरून वारं गेलं त्याला दोन पावसाळे झाले होते. डावं अंग लाकूड झालेलं. बोलणं जडावलेलं, निम्मं ओठातच राहायचं. पण ऊन आलं की ती उजवा हात वाकळेबाहेर काढायची आणि उन्हात उपडा ठेवायची. हंबीरराव शेजारी बसून तिला बशीनं चहा पाजायचे.

"ऊन कसं हाय?" ते विचारायचे.

"ग्वाड हाय," ती म्हणायची.

एवढंच. सबंध संसाराचं बोलणं आटून आटून एवढं उरलं होतं, आणि ते रोज व्हायचं. पुढं ऊन बाजल्यावरून उतरून खिडकीकडं माघारी निघालं, की ते तिची कूस बदलायचे आणि उसाला पाणी द्यायला जायचे. एकुलती लेक शिराळ्याला दिलेली. घरात तिसरं माणूस नव्हतं.

२

कडेगावच्या अलीकडचं ते गाव. त्या साली हंबीरराव आणि धाकटा भाऊ ज्ञानू यांची वाटणी झाली. भांडण नव्हतं. ज्ञानूच्या घरात सून यायची होती, जागा पुरेना, इतकंच.

रीत अशी की वाटे थोरल्यानं पाडायचे आणि उचलायचे धाकट्यानं. म्हणजे पाडणाऱ्याच्या मनात खोट येत नाही. हंबीररावांनी काठीनं परड्यात रेघ ओढली. रस्त्याकडचा वाटा दर्शनी, दुकान काढाजोगा. पूर्वेचा अडचणीचा, नुसतं परडं आणि गोठा. ज्ञानू रस्त्याकडचाच उचलणार आणि आपण पूर्वेला उन्हाची नवी खोली बांधू असं धरून त्यांनी रेघ आपल्या खिडकीपासून चार हातांवर मारली होती.

ज्ञानूनं पूर्वेचा उचलला.

"तुमी रस्त्याकडंला ऱ्हावा, दादा," तो म्हणाला. "वैनीला दवाखान्यात न्यायचं झालं तर गाडी दारात यील."

हंबीरराव रेघेकडं बघत राहिले. रेघेवर भिंत येणार. भिंत आली की खिडकीतलं ऊन जाणार. पण आपणच पाडलेला वाटा थोरल्यानं मोडायचा कोणत्या तोंडानं? आणि धाकट्यानं मायेनं उचललेला. त्यांनी हातातली काठी खाली ठेवली. बादशहा गवंड्यानं भिंतीसाठी मातीचे भेंडे, कच्च्या विटा, पाडून परड्यात वाळत घातले. रोज हंबीरराव ते भेंडे बघायचे, आणि घरात येऊन बाजल्यावरचं ऊन बघायचे.

३

ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली असेल, तर ती सयाजीच्या. सयाजी ज्ञानूचा धाकटा पोरगा. शिकून मुंबईला गेला होता, तिथल्या एका मोठ्या संस्थेत काँप्युटरवर कामाला होता. लहानपणी आईचं दूध आटलं तेव्हा अंबूबाईनं त्याला वाढवलेलं. तो तिला थोरली आई म्हणायचा, हंबीररावांना तात्या. दिवाळीला आला, सकाळी तिच्या बाजल्यावर टेकला, आणि उन्हाकडून परड्यातल्या भेंड्यांकडं बघून उठला.

मग त्यानं टेप आणली आणि खोली मोजायला घेतली. भिंती, खिडकी, गज, बाजल्याचे खूर. बादशहा दारात उभा राहून बघत होता.

"मुंबईला नक्की करतोस तरी काय रं तू?"

"सावल्या काढतो, चाचा."

"सावल्या? सरकार त्येचा पगार देतं?" बादशहानं हंबीररावांकडं बघून डोळा घातला. "आन् आमी हितं जल्मभर फुकाट ऊन खाल्लं की, हंबीरदादा!"

सयाजी हसला. "तसं न्हाई. मशीनला डोळं नसत्यात. खोली केवढी, खिडकी कुटं, बाजलं कुटं, सूर्य कुटं, समदं कार्डांवर भोकं पाडून आकड्यांत सांगावं लागतं. मग त्ये खोलीतल्या एकेका जागंवरनं सूर्याकडं रेघ मारून बघतं. रेघ सरळ गेली तर तितं ऊन. वाटंत काय आडवं आलं तर सावली. आन् त्येचं चित्र काढून देतं."

"मग?" हंबीररावांनी विचारलं.

"मग भिंत गुडघ्याएवढी केली तर थोरल्या आईला ऊन किती मिळंल, छातीएवढी केली तर किती, हे भिंत घालायच्या आदीच कळंल, तात्या. एकदा भिंत चढल्यावर कळून काय उपेग?"

हंबीररावांना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. बरेच दिवस त्यांना काहीच येत नव्हतं.

४

महाशिवरात्रीला सयाजी चित्रं घेऊन आला. चित्रं म्हणजे रुंद कागद, दोन्ही काठांना भोकं. जवळून बघितलं तर नुसती अक्षरं, मुंग्यांनी वारूळ सोडावं तशी. उजेड तिथं ठिपके, अंधार तिथं अक्षरावर अक्षर ठोकून काळं केलेलं.

त्यानं एक कागद जमिनीवर पसरला. "जवळनं न्हाई, तात्या. उंबऱ्यावर ऱ्हावा आन् डोळं बारीक करा."

हंबीरराव उंबऱ्यावर गेले. डोळे बारीक केले, आणि कागदातून खोली वर आली. खिडकी, गज, भिंतीवरचा तिरपा पट्टा, बाजलं. बाजल्यावर पेटीसारखं काहीतरी.

"ती थोरली आई," सयाजी ओशाळून म्हणाला. "मानूस काडाय लय अवगड जातं. तिला पेटीवानी मांडलीय. सांगू नका तिला."

ज्ञानूही आला होता. सयाजीनं दुसरा कागद पसरला. "ही भिंत छातीएवढी चढवल्यावर. ऊन जरा उशिरा यील, पर यील."

"मग छातीएवढीच चढवायची," ज्ञानू लगेच बोलला. "सुनंला तेवढा आडोसा पुरं. लय उंच भिंती घालून का किल्ला करायचाय?"

झालं. इतक्या दिवसांचा घोर एका बोलण्यात मिटला. हंबीररावांनी मान हलवली. पण त्यांची नजर कागदावरच होती.

"सयाजी," ते म्हणाले, "ह्यो कोन बसलाय?"

"कोन?"

"बाजल्याच्या काठाला. खिडकीकडं त्वांड करून. त्येची सावली बग की भितीवर."

सयाजी उंबऱ्याशी आला. त्यानंही डोळे बारीक केले. उन्हाच्या पट्ट्यात, पेटीच्या जरा वर, एक काळा डाग होता. डाग म्हटला तर डाग. पण पाठ वाकलेली, गुडघे वर घेतलेले आणि हनुवटी गुडघ्यांवर टेकलेली, थंडीत माणूस बसतं तशी. ती आकृती दोन्ही कागदांवर होती.

आणि बाजल्याच्या काठावर, जिथं बसणारा असायला हवा, तिथं नुसतं स्वच्छ ऊन होतं. ठिपकेच ठिपके.

"मी हितं कुनालाच मांडलं न्हाई," सयाजी म्हणाला. मग सावरून हसला. "एकादं कार्ड चुकलं आसंल. भोक हिकडंचं तिकडं झालं तरी मशीन कायबी दाकवतं. दुरुस्त करून आनतो."

ज्ञानू चहा पीत होता. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही.

५

हंबीररावांनाही वाटायला नको होतं. कागद मुंबईचा, मशीन मुंबईचं. त्याला खोली दिसत नाही हे सयाजीनंच सांगितलेलं.

तरी दुसऱ्या दिवशी ऊन आलं तेव्हा ते भिंतीकडं बघत बसले. भिंतीवर ऊन होतं, गजांच्या रेघा होत्या, सारवणाचे जुने पोपडे होते. बाकी काही नव्हतं. त्यांनी सुस्कारा सोडला आणि अंबूबाईला चहा पाजायला वाकले.

वाकताना हात वाकळेवर टेकला आणि त्यांनी तो उचलून घेतला.

परत टेकला. वाकळ उन्हात होती. पलीकडं कोमट लागत होती, अलीकडं कोमट लागत होती. मधोमध, बाजल्याच्या काठापाशी, एक जागा गार होती. विहिरीच्या तळाचा दगड असतो तशी. ऊन त्या जागेवरही पडलं होतं, सारखंच पिवळं. पण पोचत नव्हतं.

ओल असेल, त्यांनी मनाला सांगितलं. वाकळ बदलली. दुसरी वाकळ परड्यात वाळवून, उन्हानं तापवून आणली. अंथरली. ती जागा गारच.

मग दुसरी गोष्ट दिसली. अंबूबाई बाजल्याच्या मधोमध नव्हती. भिंतीकडच्या कडेला सरकली होती. तिला हलता येत नव्हतं. कूससुद्धा हंबीररावच बदलायचे. त्यांनी तिला काखेत धरून मधे ओढली. सकाळी उठून बघतात तर परत भिंतीला चिकटलेली, आणि काठाकडची अर्धी वाकळ मोकळी. तिच्यावर सुरकुती नाही.

कुणी पाहुणा आला की घरची बाई शेजेवर जागा करून देते, तशी.

"अंबू, का सरकतीस गं? पडचील."

तिचा उजवा हात उन्हात नव्हता. वाकळेच्या त्या गार जागेवर होता, उपडा, हळूहळू थोपटत.

६

शिमग्याला सयाजी परत आला. या खेपेला हसत नव्हता. दाढी वाढलेली. जेवणावर वासना नाही. ज्ञानू शेतात गेल्यावर त्यानं हंबीररावांना बाजूला घेतलं.

"कार्डं समदी तपासली, तात्या. चूक न्हाई. मग मी येकेक काडत गेलो. आदी बाजलं काडून टाकलं. मग थोरल्या आईची पेटी काडली. गज काडले. निस्ती मोकळी खोली आन् ऊन. आडवं याला कायच न्हाई. तरी..."

त्यानं कागद उलगडला. हंबीरराव उंबऱ्यावर गेले. आता त्यांना डोळे बारीक करावे लागले नाहीत.

भिंतीवर काही नव्हतं. सावली खाली आली होती. जमिनीवर, जिथं बाजलं असतं तिथं, आडवी पडली होती. लांब. कुशीवर निजलेली.

"आन् ह्यो?" त्यांनी दुसऱ्या कागदाकडं बोट केलं. तो सबंध काळा होता, अक्षरावर अक्षर ठोकून कागद जागोजाग फाटलेला.

"त्यो भिंत पुरती चढवल्यावरचा. ऊन आत येतच न्हाई."

हंबीरराव बघत राहिले. "ह्येच्यात त्यो न्हाई."

"तात्या, समदंच काळं हाय. ह्येच्यात कोन हाय आन् कोन न्हाई, कळायचं कसं?"

पण हंबीररावांच्या मनात ते शिरलं नाही. त्यांच्या मनात एकच शिरलं होतं. उजेडाच्या कागदांवर तो होता, काळ्या कागदावर नव्हता.

सयाजी त्याच दिवशी सांगलीच्या गाडीनं निघून गेला. निघताना थोरल्या आईच्या पाया पडला नाही. दारातूनच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन बाजल्यावर आलं तेव्हा हंबीररावांनी चहाची बशी खाली ठेवली.

"अंबू, कोन येतंय गं तुज्यापाशी?"

तिनं डोळे त्यांच्याकडं वळवले. पुष्कळ दिवसांनी ती इतकं बोलली. शब्द जड होते, पण एकेक नीट लागत होता.

"उनाला येतोय बिचारा. लय गारठलाय."

"कोन?"

"मला कुटं ठावं? ऊन आलं का येतोय. ऊन गेलं का जातोय." जरा थांबून म्हणाली, "त्येला ऊब धरंना झालीय. माजी लागती."

हंबीररावांनी तिचा उजवा हात हातात घेतला. चांगला हात, बोलता हात. तो डाव्यासारखाच थंड झाला होता.

७

त्यांनी खिडकीला गोणपाट लावून बघितलं. तिला दुसरी खोली द्यावी तर वाट्याला आली होती ती एकच, आणि बाहेर चुलीपुरती पडवी. गोणपाट लावलं की अंबूबाई नुसती त्यांच्याकडं बघत राहायची. डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळायचं. आणि गोणपाटाच्या विणीतून ऊन पाझरायचंच. रोज सकाळी आपल्या हातानं तिच्या तोंडावरचं ऊन काढून घ्यायचं, ते त्यांच्यानं होईना. तिसऱ्या दिवशी गोणपाट काढलं.

भिंत मात्र एकदाच घालायची असते.

बादशहानं रेघेवर छातीच्या उंचीला दोरी बांधली होती. दोरीपर्यंत भेंडे आलेही होते. हंबीरराव परड्यात गेले.

"ज्ञानू, भित पुरी चढीव. पार वळचणीला भिडू दे."

ज्ञानूच्या हातातली माती हातातच राहिली. "दादा, डोस्कं ठिकान्यावर हाय न्हवं? वैनीचं ऊन?"

"चढीव म्हनतो न्हवं!"

"आवं, त्या ऊनापायी पोरानं मुंबईत मशीनपुडं बसून डोळं फोडून घेतलं. सुनंच्या म्हायेरची मानसं मला म्हनली, ही काय भित हाय का वट्टा? तरी मी ऐकून घेतलं. कुनासाठी?"

बादशहा थापी पुसत म्हणाला, "माजं काय, तुमी सांगाल तितं भेंडा ठेवनार. पर हंबीरदादा, म्हातारीचं ऊन आडवाय माजा हात चालंना."

"मग माती ज्ञानू कालवंल, आन् भेंडं मी रचीन," हंबीरराव म्हणाले. आवाज चढला नाही की उतरला नाही. त्यांनी खरंच भेंडा उचलला. थोरला भाऊ भेंडा घेऊन उभा म्हटल्यावर ज्ञानूनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि बादशहाकडं दिला. बादशहानं छातीच्या उंचीची दोरी सोडली.

पाडव्याच्या आधीच भिंत वळचणीला टेकली. वरून ज्ञानूच्या नव्या छपराचे पत्रे आले. खिडकीबाहेर आता नुसती माती होती, ओली, हात लांब केला तर लागेल अशी वाटणारी.

८

पहिल्या सकाळी हंबीरराव चहा घेऊन बसले. पट्टा यायची वेळ झाली, आणि गेली. खोलीत करडं, शिळं असं काहीतरी होतं, उजेड म्हणावा असं नव्हतं. त्यांनी वाकळेवर हात फिरवला. काठाची जागा चाचपली. ती गार होती, पण आता सगळीच वाकळ तशी. वेगळी अशी काही लागत नव्हती.

सुटलो, असं त्यांना वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

रानात जायचं तसे गेले. दुपारी आले तेव्हा अंबूबाई भिंतीला इतकी खेटली होती, की भिंतीचा पोपडा तिच्या गालाला लागला होता. त्यांनी पुसून काढला.

"अंबू, आता कशाला सरकतीस? ऊन बंद केलं की मी. आता न्हाई यायचा त्यो."

"यायचा कुटला?" ती म्हणाली. बोलणं खोल कुठून तरी आल्यासारखं. "ऊन निगालं का त्येच्या मागनं त्यो जायचा. आता कशाच्या मागनं जाईल?"

बाहेर रस्त्यावरून उसाची गाडी चालली होती. बैलांच्या घुंगरांचा आवाज लांब जाईपर्यंत हंबीरराव तसेच उभे राहिले. मग खुंटीवरचा कंदील काढला. काच पुसली, वात वर केली, काडी ओढली. भर दुपारी घरात कंदील. ज्योत चांगली धरली.

उजेडात त्यांना स्वतःचे हात दिसले. बाजल्याचे खूर दिसले, सुंभाचे पीळ दिसले. वाकळेवरची टिपंन् टीप दिसली, पायांकडून पोटापर्यंत, पोटापासून छातीपर्यंत. पुढं दिसलं नाही. अंबूबाईची हनुवटी जिथं असायची तिथून वर अंधार होता. भिंत दिसत होती, उशीचा कोपरा दिसत होता. मधेच तेवढा अंधार.

आपलीच सावली पडली असेल, म्हणून ते बाजूला झाले. अंधार तिथंच. कंदील डोक्याकडून धरला. अंधार तिथंच. बाजल्यावर गुडघा टेकून, भिंतीकडून धरला. मग हळूहळू कंदील खाली आणत गेले. काचेची धग त्यांच्या मनगटाला लागत होती, ज्योत हलत नव्हती, आणि कंदील तिच्या तोंडापासून वीतभर राहिला तरी तिच्या तोंडावर उजेड पोचला नव्हता.

म्हणजे जे काही होतं, ते त्या वितीत होतं.

हात पुढं करावा, असं त्यांच्या मनात आलं. हात केला नाही. माघारीही घेतला नाही. कंदील धरून तसेच वाकून राहिले.

अंधारातून अंबूबाईचा आवाज आला, समजूत घालावी तसा.

"आवं, ऊन न्हाई तर न्हाई. कंदील तरी लावा की."